ग्रंथालयातील पुस्तकावर आक्षेप आल्यास काय करावे : ग्रंथपाल, कार्यकारी मंडळ आणि शाळांसाठी मार्गदर्शन

पुस्तकावरचा आक्षेप बहुधा लेखी येत नाही. संध्याकाळी देवघेवीच्या गर्दीत एखादे सभासद टेबलापाशी येतात, मोबाइलवर काढलेला एका पानाचा फोटो दाखवतात आणि ‘असले पुस्तक आपल्या वाचनालयात कसे?’ असे विचारतात. ग्रंथपाल कार्यवाहांना फोन लावतात, कार्यवाह ‘तूर्त बाजूला काढून ठेवा, उगाच वाद नको’ असे सांगतात आणि पुस्तक कपाटात जाते. दाखल नोंदवहीत ते असते, यादीत असते, परंतु पुढे जो कोणी मागेल त्याला ‘बाहेर गेले आहे’ असे उत्तर मिळत राहते. माझ्या मते ग्रंथालयात घडू शकणारा हा सर्वांत वाईट निर्णय आहे, कारण तो कोणी घेतला, कशासाठी घेतला आणि तो कधी बदलणार, यातले काहीच कुठे लिहिलेले नसते. पुस्तक ठेवावे की काढावे याविषयी मतभेद असू शकतात; मात्र जो काही निर्णय होईल तो पुस्तक पूर्ण वाचून, लेखी आणि सभेत व्हावा, याविषयी दुमत असू नये. त्या मार्गाने कसे जावे, ते येथे मांडले आहे.

आक्षेप येण्यापूर्वीची तयारी

महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली अनुदान घेतात, ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गांत मोडतात आणि सर्वसाधारणपणे नोंदणीकृत संस्था व सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून चालतात. याचा पुस्तकांशी थेट संबंध आहे. दाखल अंक (दाखल नोंदवहीतील पुस्तकाचा क्रमांक) पडलेले प्रत्येक पुस्तक ही संस्थेची मालमत्ता असते आणि ते संग्रहातून बाद करायचे झाल्यास कार्यकारी मंडळाचा ठराव लागतो. फाटलेल्या, वाळवी लागलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनासाठी, म्हणजे ती नोंदीतून रीतसर बाद करण्यासाठी, आपण जी पद्धत पाळतो, ती वादग्रस्त पुस्तकासाठी मात्र गुंडाळून ठेवावी, याला काही आधार नाही. अध्यक्ष असोत, देणगीदार असोत वा स्थानिक लोकप्रतिनिधी, त्यांच्या तोंडी सूचनेवरून पुस्तक हलत नाही, हे मंडळाच्या पहिल्याच बैठकीत सर्वांना सांगून ठेवावे.

यासाठी एक पानाचे ग्रंथनिवड धोरण पुरते. त्यात कोणकोणत्या विषयांची पुस्तके घेतली जातात, निवड कोण करते, वाचकांच्या मागणी नोंदवहीचा विचार कसा होतो, बालविभागासाठी वेगळा विचार काय असतो आणि आक्षेप आल्यास तो कोणाकडे जातो, एवढे असावे. एक वाक्य आवर्जून घालावे : ‘संग्रहातील पुस्तकांतील मते ही संस्थेची मते नव्हेत, आणि एखादे मत कोणाला मान्य नाही एवढ्या कारणावरून पुस्तक घेतले वा काढले जाणार नाही.’ अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ मध्येच अशा आशयाचा जाहीरनामा स्वीकारला होता, आणि तेथील अनेक ग्रंथालयांत आक्षेपाचा छापील अर्ज तयार ठेवलेला असतो. ही पद्धत आपण जशीच्या तशी घेण्यास हरकत नाही. धोरण सर्वसाधारण सभेत मंजूर करून सूचना फलकावर लावावे. वाद सुरू झाल्यावर घाईघाईने लिहिलेल्या धोरणावर कोणी विश्वास ठेवत नाही.

टेबलापाशी काय बोलावे

आक्षेप घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा मनापासून दुखावलेली असते, हे ध्यानात घेऊन ग्रंथपालांनी वाद घालू नये, पुस्तकाची बाजूही मांडू नये आणि ‘काढून टाकतो’ असे आश्वासन तर मुळीच देऊ नये. ‘साहेब, आपले म्हणणे मंडळापुढे जायला हवे. हा अर्ज भरून द्या, मी लगेच आवक क्रमांक देतो आणि निर्णय आपल्याला पत्राने कळवला जाईल,’ एवढे पुरेसे असते. पुष्कळ लोकांना आपले कोणीतरी ऐकून घ्यावे इतकेच हवे असते. अर्ज हातात घेतल्यावर काही जण तो भरतही नाहीत, आणि तसे झाले तर विषय तेथेच संपतो.

अर्जात पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशन वर्ष आणि दाखल अंक यांसाठी जागा असावी. त्यानंतरचे प्रश्न महत्त्वाचे आहेत. आपण हे पुस्तक पूर्ण वाचले आहे काय, नसल्यास कोणता भाग वाचला. कोणत्या पानांवरील मजकुरावर आक्षेप आहे. आक्षेपाचे कारण काय. आणि आपल्याला नेमके काय हवे आहे, म्हणजे पुस्तक काढावे, बालविभागातून प्रौढ विभागात न्यावे, की केवळ आपली नाराजी नोंदवून घ्यावी. शेवटी, हा अर्ज आपण स्वतःसाठी देत आहात की एखाद्या संस्थेच्या वतीने, हेही विचारावे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०२४ या वर्षात पुस्तके हटवण्याचे ८२१ प्रयत्न नोंदवले, त्यांत २,४५२ पुस्तकांची नावे होती, आणि यातील ७२ टक्के प्रयत्नांमागे दबावगट, लोकप्रतिनिधी किंवा प्रशासनातील मंडळी होती. म्हणजे एका वाचकाची तक्रार आणि बाहेरून तयार होऊन आलेली यादी यांत फरक आहे. अर्ज दोन्हींचा घ्यावा, पण यादीतील प्रत्येक पुस्तकासाठी वेगळा अर्ज मागावा.

अर्ज आल्यापासून निर्णय होईपर्यंत पुस्तक आपल्या जागेवर राहील आणि नेहमीप्रमाणे दिले जाईल, ही अट धोरणातच असावी. हीच अट पाळणे सर्वांत अवघड जाते.

खरोखर बंदी आहे का, हे पाहावे

‘या पुस्तकावर तर बंदी आहे’ असे सांगितले जाते तेव्हा ग्रंथपालांनी एकच प्रश्न विचारावा : अधिसूचना कोणती? राज्य शासन एखादे पुस्तक सरकारजमा करते ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली. १ जुलै २०२४ पूर्वी हाच अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होता. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना निघावी लागते आणि शासनाचे असे मत कशामुळे झाले, त्याची कारणे तीत द्यावी लागतात. अशी अधिसूचना निघाल्यावर पोलीस भारतात कोठेही सापडलेली प्रत जप्त करू शकतात, त्यामुळे दुसऱ्या राज्याची अधिसूचनाही दुर्लक्षून चालत नाही. जम्मू-काश्मीर प्रशासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये याच कलमाखाली एकदम २५ पुस्तके सरकारजमा केल्याचे जाहीर केले, हे अलीकडचे उदाहरण आहे.

पण बंदीसारख्या दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी बंदी नसतात. प्रकाशकाने पुस्तक बाजारातून मागे घेणे ही बंदी नव्हे. २०१४ मध्ये पेंग्विनने वेंडी डॉनिगर यांचे हिंदू धर्मावरील पुस्तक न्यायालयाबाहेरील तडजोडीने मागे घेतले, त्याने ग्रंथालयांतील प्रती बेकायदा ठरल्या नाहीत. अभ्यासक्रमातून वगळणे ही बंदी नव्हे. मुंबई विद्यापीठाने २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी अभ्यासक्रमातून काढली, ग्रंथालयांतून नव्हे. पुरस्कार रद्द होणे हीदेखील बंदी नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या आत्मकथनाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य शासनाचा पुरस्कार काही दिवसांतच रद्द करण्यात आला, तेव्हा पुस्तक ठेवावे की नाही, असा प्रश्न काही वाचनालयांना पडला असेल, तर त्याचे उत्तर ‘ठेवावे’ असेच होते.

बंदी एकदा झाली म्हणजे कायमची झाली, असेही नसते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तकाविरुद्ध महाराष्ट्र शासनाने काढलेली अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये तो निर्णय कायम केला. त्या प्रकरणात न्यायालयात गेले होते ते लेखक वा प्रकाशक नव्हे, तर संघराज रूपवते, आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला हे नागरिक होते. सरकारजमा करण्याच्या आदेशाविरुद्ध पुस्तकात हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयाकडे अर्ज करू शकते, ही तरतूद आजही कलम ९९ मध्ये आहे. सलमान रश्दी यांच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीची कथा आणखी विचार करायला लावणारी आहे. १९८८ पासून तिच्या आयातीवर बंदी आहे असे सारेच धरून चालले होते; २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर ती अधिसूचना कोणालाच सादर करता आली नाही, आणि अशी अधिसूचना अस्तित्वात नाही असेच मानावे लागेल, असे न्यायालयाला म्हणावे लागले. ऐकीव बंदीवर किती काळ चालता येते, हे यावरून दिसते. म्हणून अधिसूचनेची प्रत मिळेपर्यंत पुस्तक हलवू नये. प्रत मिळाली, तर ती कोणत्या पुस्तकाची, कोणत्या आवृत्तीची आणि अजून लागू आहे का, हे पाहावे आणि शंका असल्यास जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी.

समितीने पुस्तक कसे वाचावे

बंदी नसेल तर प्रश्न उरतो ग्रंथालयाच्या स्वतःच्या विवेकाचा. त्यासाठी चार किंवा पाच जणांची समिती नेमावी : ग्रंथपाल, मंडळातील एक सदस्य, त्या विषयाचे जाणकार एखादे प्राध्यापक किंवा शिक्षक, आणि एक-दोन नियमित वाचक. आक्षेप घेणारे आणि ज्यांनी पुस्तक भेट दिले ते, असे दोघेही समितीत नसावेत. प्रत्येकाने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे, आणि वाचन झाल्याची सही करावी. एक व्यावहारिक बाब येथे सांगणे आवश्यक आहे. ग्रंथालयाकडे एकच प्रत असेल तर समितीसाठी दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मिळवावी किंवा विकत घ्यावी. नाहीतर पाच सदस्य ती पाळीपाळीने घरी नेतात, तीन महिने जातात, आणि समितीचे वाचन हेच पुस्तक अडवून ठेवण्याचे निमित्त होऊन बसते. तीस दिवसांची मुदत ठरवून द्यावी.

पूर्ण वाचण्याचा आग्रह हा केवळ शिस्तीचा भाग नाही. आपल्या न्यायालयांनीही तोच धरला आहे, आणि त्याचे एक महत्त्वाचे उदाहरण मराठीतलेच आहे. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाची बाजू उचलून धरली. न्यायाधीशांनी कथा अनुवादातून समग्र वाचली, सुटे परिच्छेद आणि कथेचा एकूण परिणाम यांत भेद केला, आणि केवळ स्त्री-पुरुष संबंधांचा उल्लेख आला म्हणून लेखन अश्लील ठरवले तर धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही, अशा अर्थाचे मत नोंदवले. भावना दुखावण्याच्या आक्षेपासाठी कसोटी नागपुरातून आलेली आहे. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी असे म्हटले होते की, शब्दांचा परिणाम तोलताना समंजस, खंबीर मनाच्या माणसाचे माप लावावे. ज्याला प्रत्येक विरोधी विचारात धोका दिसतो, अशा डळमळीत मनाचे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने पुढे ‘तमस’ मालिकेच्या प्रकरणात १९८८ मध्ये हेच माप स्वीकारले. समितीच्या पहिल्या बैठकीत ही दोन्ही उदाहरणे सदस्यांना सांगितली, तर चर्चेला एक पातळी येते.

समितीने स्वतःला विचारायचे प्रश्न साधे आहेत. आक्षेप घेतलेला मजकूर पुस्तकात खरोखर आहे का? (मोबाइलवर फिरणारा फोटो दुसऱ्याच पुस्तकातला निघाल्याची शक्यता नेहमी तपासावी.) तो कोणाच्या तोंडी आहे, लेखकाच्या की पात्राच्या? पुस्तकाचा एकूण हेतू काय आहे? हे पुस्तक काढले, तर कोणत्या वाचकाचे नुकसान होईल? या विषयावर संग्रहात दुसरी बाजू मांडणारे पुस्तक आहे का?

यातला शेवटचा प्रश्न मला विशेष मोलाचा वाटतो. एखाद्या समाजाविषयी जुन्या पुस्तकात तुच्छतेने लिहिलेले असते, जातिवाचक शब्द सर्रास आलेले असतात, आणि त्या समाजातील वाचक जेव्हा आक्षेप घेतो तेव्हा तो आक्षेप खरा असतो; ‘तेव्हाचा काळच तसा होता’ असे म्हणून त्याला वाटेला लावणे अन्यायाचे आहे. दुसरीकडे, दलित आत्मकथनांतील भाषेला शिवराळ म्हणून नाके मुरडणारेही होतेच, आणि त्यांचे ऐकले असते तर मराठी वाङ्मयाचा फार मोठा भाग वाचकांपर्यंत पोहोचलाच नसता. दोन्ही प्रसंगी पुस्तक ठेवावे, पहिल्या प्रसंगी मात्र त्याच शेल्फवर त्या समाजातील लेखकांची पुस्तके आणून ठेवावीत आणि ती आणल्याचे अर्जदाराला कळवावे.

शाळेच्या ग्रंथालयात

शाळेचा प्रश्न निराळा आहे, कारण तेथील वाचक मुले आहेत आणि पालकांचा अधिकार खरा आहे. मात्र तो अधिकार आपल्या पाल्यापुरता आहे. ‘माझ्या मुलीला हे पुस्तक देऊ नये’ ही विनंती वर्गशिक्षकांनी तत्काळ मान्य करावी. ‘कोणत्याच मुलाला देऊ नये’ ही मागणी मुख्याध्यापकांमार्फत समितीकडे जावी, आणि समितीत शाळा व्यवस्थापन समितीतील एक पालक असावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत असे म्हटले आहे, याची आठवण सर्वांना करून द्यावी. इयत्तेनुसार विभागणी करणे योग्य आहे. अश्लील मजकूर बालकांना देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९५ खाली वेगळा गुन्हा आहे, म्हणून बालविभागात कोणते पुस्तक जाते याकडे मुळातच लक्ष हवे. तथापि, वयात येणे, घरातील हिंसा, मृत्यू किंवा जातीचा अनुभव यांवरचे किशोरवयीनांसाठी लिहिलेले पुस्तक या कलमाच्या भीतीने काढणे हा त्या कलमाचा विपर्यास आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी पालकांसमोर हे प्रश्न शालेय मंडळाच्या बैठकीत येतात. तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज शालेय मंडळाच्या १९८२ च्या प्रकरणात, केवळ विचार नापसंत आहेत म्हणून शालेय मंडळाने ग्रंथालयातील पुस्तके काढू नयेत, असा कौल दिला होता, परंतु त्या निकालात न्यायाधीशांचे बहुमत एका भूमिकेवर आले नव्हते. मे २०२५ मध्ये टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी यांच्यासाठीच्या अपील न्यायालयाने सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भात उलट भूमिका घेतली. त्यामुळे त्या राज्यांतील पालकांनी न्यायालयावर विसंबून न राहता आपल्या शालेय जिल्ह्याचे फेरविचाराचे धोरण मागून घ्यावे, पुस्तक वाचून बैठकीस जावे आणि बोलण्यासाठी नाव वेळेत नोंदवावे.

दबाव आल्यास

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमावाने हल्ला केला आणि पुस्तके व हस्तलिखितांची नासधूस झाली. जेम्स लेन यांचे ते वादग्रस्त पुस्तक संस्थेने लिहिले नव्हते आणि छापलेही नव्हते. ही आठवण ठेवून प्रत्येक ग्रंथालयाने दाखल नोंदवहीची छायाप्रत किंवा संगणकीय प्रत इमारतीबाहेर ठेवावी, आणि निवेदन घेऊन मोर्चा येणार असे कळताच पोलीस ठाण्यास लेखी कळवून पोच घ्यावी. निवेदन दोघा-तिघांकडून स्वीकारावे, आवक क्रमांक द्यावा, त्या ठिकाणी चर्चा करू नये.

अशा वेळी तहसील कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात ‘समेटाची’ बैठक बोलावली जाते आणि पुस्तक काढण्याच्या कागदावर सही मागितली जाते. अध्यक्षांनी ‘मंडळाच्या ठरावाशिवाय मला अधिकार नाही’ असे नम्रपणे सांगावे. तमिळनाडूत लेखक पेरुमाळ मुरुगन यांच्याकडून नामक्कल येथील अशाच बैठकीत २०१५ मध्ये त्यांच्या कादंबरीविषयी लेखी कबुली घेण्यात आली होती. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये तिला कायद्याचे बंधन नसल्याचा निर्वाळा दिला. पोलीस पुस्तक जप्त करण्यासाठी आल्यास अधिसूचनेची प्रत मागावी, झडती घ्यायची असल्यास दंडाधिकाऱ्यांचे वॉरंट पाहावे, पंचनाम्याची प्रत घ्यावी आणि दाखल नोंदवहीच्या शेरा रकान्यात अधिसूचना क्रमांक व दिनांक लिहावा. हे पुस्तक आजवर कोणकोणत्या सभासदांनी नेले, ही माहिती मात्र लेखी कायदेशीर आदेशाशिवाय कोणालाही देऊ नये. वाचकाने काय वाचले हे ग्रंथालयाने जपायचे असते.

निर्णय आणि त्यानंतर

समितीचा अहवाल कार्यकारी मंडळापुढे यावा आणि ठराव इतिवृत्तात कारणांसह लिहावा. ‘सर्वानुमते पुस्तक काढण्याचे ठरले’ हा ठराव नव्हे. त्याऐवजी असे लिहावे : ‘दाखल अंक अमुक या पुस्तकातील पृष्ठ ८४ ते ८६ वरील मजकुरावर घेतलेला आक्षेप समितीने विचारात घेतला. समितीच्या पाचही सदस्यांनी पुस्तक पूर्ण वाचले. सदर मजकूर पात्राच्या तोंडी असून लेखकाने त्याचे समर्थन केलेले नाही. पुस्तक प्रौढ विभागात कायम ठेवण्यात येत आहे.’ अर्जदाराला याच भाषेत पत्र द्यावे आणि वाचून लिहिल्याबद्दल त्यांचे आभार मानावेत. पुस्तक काढण्याचाच निर्णय झाला, तर तोही इतक्याच तपशिलाने लिहावा. बालविभागातून प्रौढ विभागात हलवण्याचा पर्याय योग्य असतो, पण हलवलेले पुस्तक यादीत आणि शेल्फवर दिसले पाहिजे. ज्या पुस्तकावर निर्णय झाला आहे, त्यावर तोच आक्षेप तीन वर्षांत पुन्हा आल्यास नव्याने समिती नेमण्याची गरज नाही. नवे कारण असेल तरच नेमावी.

सभासदांनीही काही करणे शक्य आहे. हवे असलेले पुस्तक वारंवार ‘बाहेर’ असल्याचे सांगितले जात असेल, तर मागणी नोंदवहीत दाखल अंकासह मागणी लिहावी, कार्यवाहांना पत्र देऊन पुस्तक कोणत्या ठरावाने काढले हे विचारावे आणि इतिवृत्त पाहण्याची विनंती करावी. उत्तर आले नाही, तर वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा प्रश्न घेण्यासाठी आणखी काही सभासदांच्या सह्यांचा अर्ज सभेची नोटीस निघण्यापूर्वी द्यावा, आणि सभेला येताना त्या पुस्तकाचा दाखल अंक लिहून आणावा.